स्पीड वाढवायचं छापता, मग बंद पडलेला पीसी उठवायचं पण छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुना कॉम्प्युटर एक रुपया खर्च न करता फास्ट कसा करायचा यावर अर्धं पान आलं होतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंगची स्क्रीन) जा, रॅमचा एक्सएमपी (रॅम जादा स्पीडला चालवायचं तयार सेटिंग) ऑन करा, प्रोसेसरचा मल्टिप्लायर (त्याचा स्पीड ठरवणारा आकडा) थोडा वर न्या, सेव्ह करून बाहेर या, झालं. लेख वाईट नव्हता, उलट मराठी पेपरात ओव्हरक्लॉकिंगवर, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवण्यावर, कोणीतरी लिहितंय याचं बरं वाटलं. पण सेव्ह केल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर काय करायचं यावर त्या अर्ध्या पानात एक ओळ नाही, आणि नेमकं तेच घडतं हो. माझं रिपेअरिंगचं दुकान आहे तालुक्याला, असे पीसी शेवटी आमच्याच टेबलावर येतात, फॅन फिरतोय, लाईट लागतायत, पण डिस्प्ले नाही. आणि बरोबर आलेल्या पोराचं तोंड असं की घरी अजून कळलेलं नाहीये.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो म्हणजे पुढचं कोणी वाचलं नाही तरी चालेल. ओव्हरक्लॉक करून सेव्ह केलं आणि पीसी चालू होईना, तर बहुतेक वेळा काहीही जळालेलं नसतं. तुम्ही जो आकडा टाकलात तो मदरबोर्डाच्या (सगळे भाग बसतात त्या मुख्य बोर्डाच्या) लक्षात राहिलाय आणि दर वेळी चालू होताना तो त्याच आकड्यावर अडकतोय, एवढंच. तो आकडा पुसला की पीसी उठतो. यासाठी नवीन मदरबोर्ड लागत नाही, नवीन एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) लागत नाही, आणि विंडोज फॉरमॅट मारून तर काहीच होत नाही कारण गाडी विंडोजपर्यंत पोचलेलीच नसते. तरी काही ठिकाणी पहिलं वाक्य काय ऐकायला मिळतं तर "बोर्ड गेला". नाव कोणाचं घेत नाही, पण "गेलेला" बोर्ड दुसऱ्या दिवशी आमच्याकडे एका स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने चालू झालेला मी पाहिलाय, आणि तोवर गिऱ्हाईकाने नव्या बोर्डाचा ॲडव्हान्स दिलेला असतो.

आता हे होतं का ते जरा सांगतो. प्रोसेसरचा स्पीड म्हणजे साधा गुणाकार आहे, बेस क्लॉक सहसा १०० मेगाहर्ट्झ, त्याला मल्टिप्लायरने गुणायचं, ५० चा मल्टिप्लायर टाकला की ५ गीगाहर्ट्झ. इंटेलमध्ये हा मल्टिप्लायर साधारण के अक्षरवाल्या प्रोसेसरला आणि झेड सिरीजच्या बोर्डावरच वर जातो, एएमडी रायझनचे बहुतेक प्रोसेसर मोकळे असतात पण बोर्ड बी किंवा एक्स सिरीजचा पाहिजे, ए३२० किंवा ए५२० वर नाही होत. लेखात हे पण नव्हतं, त्यामुळे साधा आय-फाइव्ह घेऊन पोरं बायोसमध्ये नसलेला ऑप्शन शोधत बसली असतील. आणि रॅमचं म्हणाल तर प्रत्येक स्टिकवर एक बारीक चिप असते, एसपीडी म्हणतात, त्यात कंपनीने कुठल्या स्पीडला कुठलं टायमिंग आणि किती व्होल्टेज ते लिहून ठेवलेलं असतं. डीडीआर४ या पिढीच्या रॅमचं नेहमीचं व्होल्टेज १.२, एक्सएमपी ऑन केला की ते बऱ्याच स्टिकला १.३५ होतं. बॉक्सवर ३२०० लिहिलेलं असतं म्हणून लोकांना वाटतं की तोच तिचा ठरलेला स्पीड, आणि एक्सएमपी ऑन करणं म्हणजे नुसतं हक्काचं घेणं. पण इंटेल स्वतः एक्सएमपीला ओव्हरक्लॉकिंगच धरतं, वॉरंटीच्या भाषेत सुद्धा. एएमडीने डीडीआर५ बरोबर २०२२ मध्ये एक्स्पो आणलं, तेही त्याच जातीचं.

पीसीचं बटण दाबलं की स्क्रीनवर काही यायच्या आधी बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, याला ट्रेनिंग म्हणतात. दिलेल्या स्पीडला रॅम नीट उत्तर देईना तर तो परत प्रयत्न करतो, म्हणून पीसी दोन-तीन वेळा आपोआप बंद-चालू होताना दिसतो. बरेच नवे बोर्ड काही प्रयत्नांनंतर हार मानून जुन्या सेटिंगवर येतात आणि "ओव्हरक्लॉकिंग फेल्ड" म्हणून मेसेज देतात, एफ१ दाबा म्हणतात. हा मेसेज दिसला तर तुम्ही नशीबवान, आत जाऊन लोड डिफॉल्ट्स करा आणि चहा प्या. भानगड तेव्हा होते जेव्हा बोर्ड हार मानत नाही, तसाच अडकून बसतो. किंवा माणूस थांबत नाही.

हे थांबण्याचं जरा जास्त लिहितो कारण नव्या मशीनवर हाच घोळ सगळ्यात मोठा आहे. रायझन ७००० पासूनचे प्रोसेसर बसतात ते एएम५ बोर्ड आणि डीडीआर५ रॅम, यात रॅम नवीन लावली किंवा एक्स्पो बदललं की पहिल्यांदा ट्रेनिंगला काही मिनिटं लागतात, रॅम ६४ जीबी वगैरे असेल तर आणखी जास्त, आणि तेवढा वेळ स्क्रीन ठार काळी असते. माणूस काय करतो, अर्ध्या मिनिटात घाबरून मागचं बटण बंद करतो, परत चालू करतो, ट्रेनिंग परत पहिल्यापासून. असं करत करत रात्र काढतात लोक. तर एकदा घड्याळ लावून पंधरा मिनिटं नुसतं बसा, हात लावू नका, आणि गावाकडे असाल तर लाईट जायची वेळ सोडून हे करा, यूपीएसवर असेल तर उत्तमच.

पंधरा मिनिटांनी पण काही नाही आलं तर मग बोर्डावर बघा. बऱ्याच बोर्डांवर चार बारके लाईट असतात, सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्कवरून विंडोज उठणं) असं बाजूला बारीक लिहिलेलं असतं, चालू होताना एकेक लागून विझतो, जो लागलेलाच राहिला तिथे गाडी अडलीय. ओव्हरक्लॉकच्या केसमध्ये शंभरातल्या बहुतेक वेळा डीरॅमवर अडकते. जुन्या बोर्डावर लाईट नसतात, तिथे छोटा स्पीकर लावून बीप ऐकायची, पण हल्ली कॅबिनेटबरोबर तो स्पीकर येतच नाही.

आता मुख्य काम, सेटिंग पुसणे, म्हणजे क्लिअर सीमॉस (सीमॉस म्हणजे बायोसची सेटिंग लक्षात ठेवणारी मेमरी). पहिलं पीसी बंद, एसएमपीएसचं मागचं बटण बंद, आणि पॉवर केबल काढायची, नुसतं समोरचं बटण बंद करून चालत नाही. हे केबल काढणं का ते सांगतो, कारण इथेच लोक फसतात. पीसी बंद दिसत असला तरी केबल लावलेली आणि मागचं बटण चालू असेल तोवर एसएमपीएस बोर्डाला थोडा स्टँडबाय करंट देतच असतो आणि त्या करंटवर सीमॉसची मेमरी जिवंत राहते. म्हणजे तुम्ही बोर्डावरचा गोल सेल काढून तासभर बसलात आणि केबल लावलेलीच होती तर त्या सेल काढण्याला काही अर्थ नाही. मग येऊन म्हणतात सेल काढून बघितला सर, काही फरक नाही, बोर्डच गेलाय. केबल काढल्यावर समोरचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेलं पण निघून जातं, बोर्डावरचा स्टँडबायचा लाईट विझला की समजायचं रिकामा झाला.

मग बोर्डावर दोन पिना शोधायच्या. कुठे क्लिअर सीमॉस, कुठे सीएलआरटीसी, कुठे जेबॅट-वन असं छापलेलं असतं, बहुतेक सेलच्या जवळपास किंवा खालच्या कडेला. नेमकं कुठे ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये चित्रासकट असतं, कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला की फुकट मिळतं, मोबाईलवर उघडा. त्या दोन पिनांना जंपर कॅप (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावायची किंवा स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन्हीला एकदम टेकवून दहा सेकंद धरायचं. बस. शेजारच्या पिना समोरच्या बटणाच्या, यूएसबीच्या असतात, त्यांना टेकवू नका, म्हणून म्हणतो आधी मॅन्युअल. पिना सापडत नसतील तर तो गोल चपटा सेल काढा, सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा सेल असतो, काही मिनिटं बाहेर ठेवा, परत बसवा. सेल पाच-सहा वर्षं जुना असेल तर त्याच वेळी नवीन टाका, पन्नास रुपयाच्या आत काम आहे. महागड्या बोर्डावर मागच्या बाजूला क्लिअर सीमॉसचं बटणच असतं, तिथे कॅबिनेट उघडायची पण गरज नाही.

एवढं करूनही डिस्प्ले नाही आला तर रॅमच्या सगळ्या स्टिक काढा, एकच ठेवा, चार स्लॉटच्या बोर्डावर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा, बहुतेक मॅन्युअल तेच सांगतात. आपल्याकडे रॅमला खोडरबर मारायची पद्धत आहे, मारा, त्याने काही बिघडत नाही, पिना काळ्या पडल्या असतील तर फायदाच होतो, पण ओव्हरक्लॉकने अडकलेला बोर्ड रबराने उठत नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिक एकत्र लावून एक्सएमपी ऑन केलेला असेल तर दोष तिथेच आहे असं समजा, आठ जीबीची एक जुनी होती, सेलमध्ये दुसऱ्या कंपनीची स्वस्त मिळाली, दोन्हीवर ३६०० लिहिलंय, मग चालेलच ना. नाही चालत कायम. स्टिकवर लिहिलेला स्पीड त्या स्टिकचा किंवा त्या जोडीचा असतो, कंपनीने ती तुमच्या घरातल्या दुसऱ्या स्टिकबरोबर तपासलेली नसते.

आणि एक सापळा असा आहे की त्यात शिकलेली माणसं पण पडतात. कुठेतरी वाचलेलं असतं की ग्राफिक्स कार्ड काढून बघा. काढतात, मॉनिटरची केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावतात, डिस्प्ले नाही, म्हणजे बोर्ड मेला. पण प्रोसेसर असतो इंटेलचा एफवाला, १२४००एफ वगैरे, किंवा रायझन ५६००, ज्याच्यात ग्राफिक्स मुळातच नाही, त्याच्या बोर्डाच्या एचडीएमआयमधून जन्मात डिस्प्ले येणार नाही. आणि उलटं पण होतं, कार्ड लावलेलं आहे आणि केबल चुकून बोर्डाला. घाबरलेला माणूस मागे वाकून केबल लावतो ना, हे होतंच.

समजा पीसी उठला. आता पुढची मजा, जी कुठल्याच लेखात नसते. सीमॉस पुसलं म्हणजे फक्त तुमचा ओव्हरक्लॉक नाही गेला, बायोसमधली बाकीची सेटिंग पण गेली. तारीख-वेळ मागे जाते, आणि तारीख चुकीची असली की ब्राउझर बँकेची साइट उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो, लोकांना वाटतं व्हायरस आला. ज्यांची डिस्क रेड (RAID) किंवा इंटेलच्या व्हीएमडी मोडमध्ये (डिस्क जोडायच्या खास पद्धती) होती आणि पुसल्यावर मोड बदलला त्यांचं विंडोज निळी स्क्रीन दाखवून परत परत रीस्टार्ट मारतं. जुनं विंडोज लेगसी (चालू व्हायच्या जुन्या पद्धतीच्या) मोडमध्ये टाकलेलं असेल तर डिस्कच दिसत नाही. या सगळ्याला औषध एकच, बायोसमध्ये जाऊन ते मोड होते तसे करणे, फॉरमॅट नाही. आणि विंडोज ११ वर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, कारण टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारी सोय) किंवा सिक्युअर बूटचं (खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू होऊ देणारं) सेटिंग बदललं. ही की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, दुसऱ्या मोबाईलवरून बघता येते, पण ते अकाउंट ज्या दुकानदाराने पीसी बनवताना स्वतःच्या ईमेलने उघडलं असेल तर शोधा आता त्याला. पोरांचं वेगळंच, पीसी चालू झाला तरी तोंड पाडून परत येतात कारण व्हॅलोरंट चालत नाही. ती गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही मागते, पुसताना ते बंद झालेलं असतं, ऑन करून दिलं की झालं.

खरंच काही जळालं असेल का, असं विचारतात. असू शकतं, नाही म्हणत नाही. स्पीडने सहसा काही जळत नाही, व्होल्टेजने जळतं. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळायच्या केसेस जगभर झाल्या, त्यात एक्स्पो ऑन केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या वगैरे भागाचं) गरजेपेक्षा जास्त देत होते, शेवटी एएमडीने बायोस अपडेटमधून ते १.३ व्होल्टवर बांधलं. म्हणजे वापरणाऱ्याने फक्त एक ऑप्शन ऑन केला होता, बाकी उद्योग बोर्डाचा. आणि इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचं तर २०२४ मध्ये गाजलंच, त्यात कित्येकांनी ओव्हरक्लॉक अजिबात केलेला नव्हता तरी प्रोसेसर हळूहळू खराब होत होते, इंटेलने ऑगस्टमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) अपडेट दिलं, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तर तुमच्याकडे यातलं मशीन असेल आणि गेम मध्येच बंद पडत असतील तर दर वेळी पोराला शिव्या घालू नका, आधी बायोस अपडेट आहे का बघा. ज्याने हाताने व्होल्टेज वाढवलंय, कुठल्यातरी व्हिडिओत बघून १.३५ च्या जागी १.६ टाकलंय, त्याचं मात्र मी पण काही सांगू शकत नाही.

सीमॉस पुसून, एक रॅम ठेवून, केबल बरोबर लावून पण नाहीच उठला तर बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकची (पेनड्राइव्हवरून बायोस परत भरायची) सोय आहे का बघा. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, कंपनीच्या साइटवरची बायोस फाइल सांगितलेल्या नावाने टाकायची, मागच्या ठराविक यूएसबीत लावून बटण दाबायचं, बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर-रॅम नसताना पण होतं. यात मध्ये लाईट गेली तर बायोस अर्धवट राहतो, म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच करा. ते पण नसेल तर बायोसची आठ पायांची चिप असते, ती प्रोग्रामरवर परत लिहिता येते, चिप लेव्हलचं काम करणारा कोणीही करून देतो आणि नव्या बोर्डाच्या मानाने किरकोळ पैशात होतं. "बोर्ड गेला" हे वाक्य या सगळ्यानंतरचं आहे साहेब, पहिल्या दहा मिनिटातलं नाही. आणि पीसी चालू होतोय पण गेम लावली की फटकन बंद होतोय, हा प्रकार वेगळा, तिथे स्वस्तातल्या कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस किंवा प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बघायची, सीमॉस पुसून तो जाणार नाही.

मी ओव्हरक्लॉकिंगच्या विरोधात नाही हो. १९९८ ला इंटेलचा स्वस्तातला सेलेरॉन ३००ए आला तेव्हा बस (तेव्हाचा बेस क्लॉक) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा प्रोसेसर ४५० ला पळायचा, मल्टिप्लायर साडेचारला लॉक होता त्यामुळे हिशोब तोंडपाठ, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला हातोहात खपायचे ते. त्या काळी बऱ्याच बोर्डांवर बस जंपरने बदलायची, म्हणजे काय बदललं ते डोळ्यासमोर असायचं, नाही चालला की जंपर परत जागेवर. आता सगळं बायोसच्या रंगीत स्क्रीनवर गेलं आणि ती स्क्रीनच दिसेना झाली की माणूस आंधळा होतो. म्हणून हात लावायच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलली की विंडोजमध्ये जायच्या आधी मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचा प्रोग्राम) रात्रभर लावा, फुकट आहे. कारण रॅम थोडी जरी डगमगत असली तर पीसी चालू होतो, छान चालतो, आणि फाइल गुपचूप खराब लिहितो. गेम खेळणाऱ्याचं काय, परत डाउनलोड करेल. पण ज्या पीसीवर टॅली आहे, दवाखान्याचं बिलिंग आहे, फोटो स्टुडिओवाल्याचे लग्नसराईचे अल्बम आहेत, त्याला एक्सएमपी सुद्धा लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्पीड पाहिजे तर हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, जुन्या मशीनला त्याने जेवढा फरक पडतो तेवढा मल्टिप्लायरने कधीच पडत नाही. तुमच्या लेखाचं शीर्षक "जुना कॉम्प्युटर" होतं आणि एसएसडीचा उल्लेख नव्हता, ते मला खटकलं.

पुढच्या रविवारी एवढं चौकटीत छापा ही विनंती. पत्र लांबलंय, कापावं लागेल हे कळतंय, तर सेलेरॉनचा भाग खुशाल कापा, पण पॉवर केबल काढायचं वाक्य कापू नका.

कळावे,
आपला एक वाचक
(कॉम्प्युटर रिपेअरिंगवाला)